उजव्या कानावरचा हात

मेहकरला आमच्या घराची एक भिंत चक्कीला लागून आहे. घर बांधलं तेव्हा तिथे मोकळी जागा होती, चक्की नंतर आली. वीज असेपर्यंत तिची घरघर भिंतीतून आणि फरशीतून येत राहते, जेवताना ताटाला बोट लावलं तर तिथेही लागते. आम्हाला तिची सवय झाली, मुलाला झाली नाही. त्याला कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आणि त्याने समोरच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकलं. पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये कोणीतरी त्याला विचारलं, तुझ्या घरावर हेलिकॉप्टर उतरतंय का? त्यानंतर हेडफोन आला.

काळा, बिनवायरचा, दोन्ही कान पूर्ण झाकणारा. बाहेरचा आवाज खोडून काढतो असं मुलगा म्हणाला. मी तो काही वेळा लावून पाहिला. पहिल्या क्षणी राजूर घाट उतरताना कान दडपतात तसं वाटतं. मग चक्की जाते. भिंत तशीच थरथरत असते, पण आवाज उरत नाही. एका सुरात चालणारं सगळं असंच जातं: पंखा, कूलर, रस्त्यावर उभ्या ट्रकचं इंजिन. कुकरची शिट्टी राहते, डबा आपटला तर तो राहतो. माणसाचा आवाज मधल्या मध्ये अडकतो. शेजारी बसून कोणी बोललं तर गोधडीखालून बोलल्यासारखं येतं, आणि गाणं चालू असेल किंवा पलीकडून कोणी बोलत असेल तर तेही येत नाही. गाणं मात्र फार चांगलं येतं. तबल्याचा बायाँ इतका स्वच्छ मी आधी ऐकला नव्हता.

गाद्या मऊ आहेत, वजन थोड्या वेळाने विसरायला होतं. माझ्या चष्म्याची काडी मात्र त्यांच्याखाली दबते आणि फटीतून चक्की आत शिरते. उन्हाळ्यात खरी अडचण होते. वैशाखात दुपारी तासाभरात कानाभोवती घामाचं कडं उमटतं. मुलाने जुन्या बनियनचं कापड गाद्यांना गुंडाळून पाहिलं, तर आवाज येऊ लागला, म्हणून काढून टाकलं. बटणं जवळपास नाहीतच, उजव्या कानाच्या वाटीवर बोट फिरवायचं. घाम पुसायला हात गेला की गाणं बदलतं, फोन लागतो, मीटिंग तुटते. एक सोय मात्र त्याला आवडायची. कोणी काही बोलतंय असं वाटलं की हेडफोन काढायचा नाही, उजव्या वाटीवर तळहात ठेवायचा. आतलं मंद होतं आणि बाहेरचं ऐकू येतं. हात काढला की पुन्हा बंद. त्याची आई चहाला विचारायला आली की तो असाच कानावर हात ठेवून मान हलवायचा. घरात सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत होता.

माझा एक मोठा भाऊ आहे. तो सुलतानपूरजवळच्या आमच्या गावी शेती करतो. वाटणीनंतर एका धुऱ्यावरून आमचं बोलणं बंद झालं. धुरा म्हणजे दोन शेतांमधली मातीची ओळ, त्यात पेरण्यासारखं काही नसतं. काही वर्षं आम्ही फक्त मयतीला भेटलो आणि तिथेही वेगवेगळ्या बाजूंना उभे राहिलो.

आमच्याकडे वेगळा निघालेला भाऊ दुसऱ्या भावाच्या घरात सरळ शिरत नाही. फाटकाशी उभा राहून हाक मारतो. आतून 'या' आलं की चप्पल काढतो. फाटकाला बेल आहे, पण बेल परक्याने दाबायची. आणि 'या' आलं नाही तर परत जायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण ते मोडलेलं मी पाहिलं नाही.

हेडफोन आला त्या उन्हाळ्यात एकदा पीठ आणायला चक्कीवर गेलो, तेव्हा चक्कीवाल्याने पट्टा सैल करत विचारलं, "भावासंगं पुन्हा बिनसलं का तुमचं?"

"कोणत्या भावाशी?"

"एकच तर हाय तुम्हाले. परवा दुपारून आलते ना. फाटकापाशी उभे. हाका देल्ल्या. म्या म्हटलं चक्कीपायी आवाज पोचत नसंल, तं चक्की बंद केली. पुन्हा हाक देल्ली त्याइनं. रस्त्यापलीकडच्या बाया बाहेर आल्या, पण तुमच्या घरातून कोनी नाही."

"मुलगा होता घरात."

"होता तं. खिडकीत बसेल होता. त्यानं पाह्यलं त्याइच्याकडं. अन् मंग असं केलं." चक्कीवाल्याने आपला पिठाचा तळहात उजव्या कानावर ठेवला. कान पांढरा झाला. "वरडू नका, आयकाचं नाही, असं. मंग गेले बिचारे. पानी माह्याकडंच पेले. पोरीच्या साक्षगंधाचं सांगाले आलतो म्हने."

साक्षगंध म्हणजे लग्न ठरल्याचा विधी. आमच्या घरात त्या दिवशी मुलीच्या बापाशेजारी काका बसतो, आणि दोन्ही घरांची सुपारी फुटते तेव्हा त्याचा हात लागतो. हे आमंत्रण फोनवर देत नाहीत. मुलीचा बाप स्वतः दारात येतो. म्हणजे माझा भाऊ एसटीने मेहकरला आला होता ते धुऱ्याचं भांडण मिटवायला, आणि माझ्या फाटकातून परत गेला होता. त्या वेळी मी मागच्या खोलीत कूलरसमोर झोपलो होतो. पत्नी बहिणीबरोबर शेगावला दर्शनाला गेली होती.

घरी येऊन मुलाला विचारलं. त्याने एका कानावरची वाटी मागे सरकवली.

"हो, मोठे बाबा आले होते. मी ऐकायलाच हात ठेवला ना कानावर."

"मग?"

"मग काही ऐकूच आलं नाही. तोपर्यंत ते वळले होते. मला वाटलं, चक्कीवर आले असतील."

"उठून बाहेर जायचं होतं."

"बाबा, माझं बोलणं चालू होतं. समोर क्लायंट होता." मग, खरोखर न समजल्यासारखं, "पण त्यांनी फोन का नाही केला?"

पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, "कोणत्या नंबरवर करतील? या घरातल्या एकाच्या तरी फोनमध्ये त्यांचा नंबर आहे का?"

कोणाच्याच फोनमध्ये नव्हता.

चक्की बंद झाली हेही मुलाला कळलं नव्हतं. त्याच्यासाठी ती आधीपासूनच बंद होती.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन डबीत घालून गावी गेलो. भाऊ गोठ्याशेजारी कडब्याची कुट्टी करत होता. त्या यंत्राचा आवाज चक्कीपेक्षा वरचा आहे. मी अंगणाबाहेर उभा राहून हाक मारली. वहिनींनी पाहिलं, त्याच्या पाठीला हात लावून सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं नाही. वहिनीच म्हणाल्या, "या भाऊजी."

त्याने कडब्याची पेंढी संपवली, मग बटण दाबलं.

"काऊन आला?"

"भाऊ, त्या दिवशीचं सांगायला आलो."

"झालं ते झालं."

"ऐकून तर घे."

"मी आयकतोच बाप्पा. आयकाले कोनी नव्हतं ते तुह्या घरी."

मी डबी उघडली, हेडफोन दाखवला, सगळं सांगितलं. पोराने तुझं ऐकू यावं म्हणूनच कानावर हात ठेवला होता, हे सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी वहिनींकडे वळून म्हणाला, "पाह्य वं, कानावर हात ठेवला का आयकू येते म्हनते हा. नाकावर ठेवला का दिसत असंल."

वहिनी पदराआड हसल्या. मी म्हणालो, "लावून पाहा. मग बोल."

त्याने टोपी काढली. मी हेडफोन त्याच्या डोक्यावर बसवला, पट्टी थोडी ताणावी लागली. त्याने एकदम मान वर केली.

"कोन बाई बोलून राह्यली याच्यात?"

"बॅटरी किती उरली ते सांगते."

"विंग्रजीत?"

"हो."

"मंग कोनाले सांगते?"

मी कुट्टीचं यंत्र चालू केलं. तो यंत्राकडे पाहत राहिला. चाक फिरत होतं, कडबा थरथरत होता. त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला. "बंद पडली का बे?" तो इतक्या मोठ्याने ओरडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. वहिनी आता उघड हसत होत्या. त्याला तेही ऐकू आलं नव्हतं, फक्त दिसलं. त्यांना हसताना पाहून तोही थोडा हसला. वाटणीनंतर मी त्याला हसताना पाहिलं ते तेव्हाच.

मी खुणेने सांगितलं, उजव्या कानावर हात ठेव. त्याने ठेवला.

"काही नाही," तो ओरडला.

पुन्हा ठेवला. बोटं टेकवून पाहिली, पंजा दाबून पाहिला. वाटीला त्याचा हात कळत नव्हता. तळहाताची कातडी कोरडी, भेगाळलेली, घट्टे पडलेली होती, आणि त्या वाटीला मऊ, दमट कातडी लागते. माझ्या लक्षात आलं की मी त्याला जे दाखवायला आलो होतो, नेमकं तेच होत नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कमी होत होतं.

मी पुढे झालो आणि माझा तळहात त्याच्या कानावर ठेवला.

त्याचे डोळे यंत्राकडे गेले, मग वहिनींकडे, मग माझ्याकडे. मी हळू आवाजात विचारलं, "आता?"

"आयकू येते," तो म्हणाला. या वेळी ओरडला नाही.

थोडा वेळ मी हात तसाच ठेवला. मग त्याने स्वतः हेडफोन काढला, यंत्र बंद केलं आणि बाजेवर बसला. हेडफोनच्या गाद्यांवर कडब्याचा भुसा लागला होता, तो त्याने फुंकून काढला.

"समजलं मले," तो म्हणाला. "पोराची चूक नाही. तुहीबी नाही."

"मग झालं तर. साक्षगंधाला मी..."

"समजून काय करू, ते सांग." त्याने हेडफोन माझ्या हातात दिला. "एसटीत बसताना साऱ्याइले सांगून गेलतो, भावाले बोलवाले चाललो म्हनून. परत आलो तं पारावर लोकाइनं विचारलं. काय सांगू? जे झालं ते सांगलं. भावाच्या पोरानं तोंडाकडं पाह्यलं अन् कान झाकले. सोयऱ्याइपर्यंत गेलं ते. आता कोनाकोनाच्या कानाले हे लावत फिरू मी?"

मी म्हणालो, लोकांना मी सांगतो.

"तू काय सांगशीन? म्या सांगलं ते खोटं होतं म्हनून?" मग आवाज उतरवून, "अन् पोरीच्या मामाले म्हटलं मी बाजूले बसाले. तो होय म्हनला. आता त्याले उठवू का?"

वहिनी आत गेल्या. मामा म्हणजे त्यांचा भाऊ, त्यांनी काही बोलणं शक्य नव्हतं.

"ये ना तू," भाऊ म्हणाला. "ये, जेव. कोनी नाही म्हनत नाही." आणि पुढची पेंढी ओढली.

परतीच्या गाडीची वेळ व्हायची होती, तरी मी निघालो.

मुलाला मी जे झालं ते सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, हेडफोन टेबलावर काढून ठेवला होता. "पण त्यांना पटलं ना?" त्याने विचारलं. मी म्हणालो, पटलं. "मग प्रॉब्लेम काय आहे?" नंतर त्याने साक्षगंधाला येऊ का विचारलं. त्या दिवशी त्याची मीटिंग होती. मी म्हणालो, राहू दे. पत्नीने आधीच सांगितलं होतं, "ज्या घरचं बोलावणं आपल्या दारातून परत गेलं, तिथे मी जाणार नाही."

मी एकटा गेलो. घरासमोर मांडव होता, मोठे पंखे लावले होते. भाऊ पुढे गादीवर बसला होता, शेजारी मामा. मामाला विधीतलं फारसं ठाऊक नव्हतं. प्रत्येक वेळी काय करायचं ते भाऊ त्याला कोपराने सांगत होता. सुपारी फुटली तेव्हा मी मागच्या बाजूला खुर्चीवर होतो. गावातले लोक भेटले, नमस्कार झाला. त्या दिवसाबद्दल कोणी काही विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचा खुलासा करता येत नाही. पुतणीने गादीवरून एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिला कोणीतरी पदर सारखा करायला सांगितलं.

जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी नवरदेवाकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. मागे पंखा मोठ्याने चालला होता, म्हणून ते माझ्याकडे झुकून बोलत होते. स्वैपाक चांगला झाला, म्हणाले. मंडळी चांगली दिसतात, म्हणाले. मग विचारलं, "तुमी कोनाकडून?"

"मुलीकडून," मी म्हणालो.

"गावचेच का?"

"हो," मी म्हणालो, आणि वाढप्याला भात वाढू दिला.