खिशातली खडीसाखर

"तोंड उघड," मॅडम म्हणाल्या.

परळच्या टॉवरचं तिसऱ्या मजल्यावरचं पार्किंग. दुपारचे चार वाजून गेलेले. गाडीचं नाक खांबाला टेकलेलं, बंपर लोंबत होता. मी दाराला धरून उभा. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. त्या काय म्हणतायत ते कळत होतं, पण उत्तर ओठांपर्यंत येत नव्हतं.

"प्यायलाय हा. बघा कसा डोलतोय. तोंड उघड म्हणते ना!"

स्वतः त्या जवळ येणार नव्हत्या. त्यांनी वॉचमनला पुढे केलं. वॉचमन लालबागचा, मालवणी माणूस, माझ्याच वयाचा. सकाळी आम्ही एका बाकावर बसून एकच पेपर वाचायचो. त्यानं माझ्या तोंडाशी नाक आणलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं तोंड भर दुपारी हुंगलं जात होतं, आणि लिफ्टपाशी चार-पाच जण थांबून बघत होते. एका बाईनं मोबाईल वर धरला होता.

"वास नाय येत, मॅडम."

"नीट घे."

त्यानं पुन्हा नाक आणलं. माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. "येतोय... थोडासा."

मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत. बाकीच्या किती पाळल्या ते मला विचारू नका, पण दारूची पाळली आहे. हे मला ओरडून सांगायचं होतं. घशातून नुसतं गुरगुरणं आलं, आणि त्यांना तेच हवं होतं.

साहेब मागच्या सीटवरून उतरून लिफ्टपाशी उभे होते. मला काय होतंय हे त्या अख्ख्या पार्किंगमध्ये त्यांना एकट्यालाच माहीत होतं. त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली. ते वर गेले.

मला डायबेटिस आहे. रोज सकाळी पोटात इन्शुलिन टोचतो. टोचल्यावर वेळेत खाल्लं नाही तर साखर खाली घसरते, माणसाला घाम फुटतो, बोलणं अडखळतं, तोल जातो. बघणाऱ्याला दारुडाच वाटतो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खिशात कायम काहीतरी गोड ठेवायचं. तेव्हापासून माझ्या शर्टाच्या खिशात खडीसाखरेची पुडी असते.

साहेबांना हे कसं माहीत, तेही सांगतो. तोच आजार त्यांनाही आहे. त्यांचं इन्शुलिन पेनात येतं, थंड राहणाऱ्या छोट्या पाकिटात. माझं सरकारी दवाखान्यातल्या बाटलीत येतं. औषध एकच. रविवारी सकाळी साहेब स्वतः गाडी चालवायचे, समुद्राकाठच्या रस्त्यानं. मला बाजूला बसवायचे. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी चौपाटीच्या अलीकडे गाडी आपोआप डावीकडे सरकायला लागली. फुटपाथवर म्हातारी माणसं फिरत होती. मी साहेबांकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पण माणूस जागेवर नव्हता.

मी स्टिअरिंग ओढलं, हँडब्रेक खेचला. गाडी फुटपाथच्या कडेला घासून थांबली. मग खिशातली पुडी काढली, बोटांनी साहेबांचे ओठ उघडले आणि खडीसाखर दातांत घातली. "चावा, साहेब. चावा." लाळ माझ्या मनगटावर आली. मी ती पुसत बसलो नाही, दुसरा खडा घातला. दहा मिनिटांनी माणूस परत आला.

पहिलं वाक्य बोलले ते असं: "मॅडमना सांगू नकोस."

मग म्हणाले, "तुझ्या खिशात साखर कशी काय?"

"मलाही आहे, साहेब."

ते हसले. "मग आपल्या दोघांतच राहू दे."

मला त्या हसण्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! वाटलं, चला, इतक्या वर्षांनी आपण यांच्यातले झालो. गाढव होतो मी.

माझे आजोबा याच जागेवरच्या गिरणीत होते. तेव्हा आमच्या माणसांना साचाखात्यात, म्हणजे विणकामाला, घेत नसत. कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. आमच्या तोंडाला लागलेला धोटा दुसरा कुणी तोंडाला कसा लावणार? म्हणून आजोबा जन्मभर दुसऱ्या खात्यात राबले, कमी मजुरीवर. लहानपणी ही गोष्ट ऐकताना वाटायचं, जुना काळ, संपला तो. गिरणी गेली, तिच्या जागी टॉवर आला, आणि अकरा वर्षं त्या टॉवरमधल्या घरात माझा स्टीलचा ग्लास सिंकखाली वेगळा ठेवलेला होता. मी तो रोज उचलला, चहा प्यालो, धुऊन परत तिथंच ठेवला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच वाकत होतो.

त्या दिवशी गिरगावात मॅडमच्या भाचीचं केळवण होतं. बाराला पोचलो. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, ट्रॅफिक हवालदार दर दहा मिनिटांनी हाकलत होता, त्यामुळे गाडी सोडून कुठं जाऊन खाता येईना. डबा डिकीत होता. गाडीत खायची मनाई. एकदा सुकट आणली होती, तर मॅडमनी सीटवर अत्तर मारून घेतलं होतं. मी गल्लीला फेऱ्या मारत राहिलो. पुडीतले शेवटचे दोन खडे अडीच वाजता खाल्ले. साडेतीनला ती दोघं पानं चघळत खाली आली.

लालबागला पोचेतो बोटं कापायला लागली. मी म्हटलं, "मॅडम, दोन मिनिटं बाजूला घेऊ का? काहीतरी खातो."

"आत्ता? पाच मिनिटांवर घर आलंय."

आरशात साहेब दिसत होते. त्यांनी ऐकलं. खिडकीबाहेर बघत राहिले.

इथं माझी चूक आहे आणि ती मी कबूल करतो. मी गाडी थांबवायला हवी होती. विचारायला नको होतं, थांबवायलाच हवी होती. रस्त्यात कुणी आडवं आलं असतं तर ते मेलं असतं, आणि माझ्या हातून मेलं असतं. पण 'थांबवू का' असं विचारायची सवय हाडात मुरलेली. नशिबानं पुढे खांब आला.

मॅडम वर गेल्यावर वॉचमननं आपला चहा माझ्यापुढे धरला. दोन चमचे साखर जास्तीची घातली होती. "पी रे," म्हणाला. "माका नोकरी व्हयी रे, मी काय करू?" मी प्यालो. जीव वाचला. पण तो खोटं बोलला हेही मी विसरलेलो नाही.

पोलीस आले. मला नळीत फुंकायला लावलं. काही निघालं नाही. दारूचं कारण हातचं गेलं, तेव्हा साहेबांनी दुसरं काढलं. आठवड्याभरात आरटीओतून मला पत्र आलं. तिथल्या अधिकाऱ्यानं तक्रार माझ्यासमोर ठेवली. भला माणूस होता, वाचायला पुरेसा वेळ दिला. साहेबांची सही होती. लिहिलं होतं: 'सदर चालकाने आपला मधुमेह लपवून ठेवला. आम्हाला त्याची कल्पना नव्हती.'

कल्पना नव्हती! माझ्या मनगटावर लाळ गाळलेल्या माणसाला!

आरटीओनं तपासणीला पाठवलं. सरकारी डॉक्टरनी विचारलं, "साखर कमी होऊन असं याआधी झालंय?" मी खरं सांगितलं. दोनदा झालंय. खोटं बोललो असतो तर कदाचित सुटलो असतो. पण खोट्याचा वीट आला होता. सत्तावीस वर्षं बाळगलेलं लायसन आरटीओतल्या टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यानं ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पुढचा नंबर पुकारला. खाली आलो तेव्हा सवयीनं हात खिशात किल्ली शोधत होता.

मग साहेबांचा निरोप आला. गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा मॅडम म्हणाल्या, "बसा ना." सोफ्यावर. चहा कपात आला, बशीसकट. टेबलावर एक कागद होता: मी आजार लपवला, मालकांना माहीत नव्हतं, माझी काही तक्रार नाही.

"सही कर," साहेब म्हणाले. "इन्शुरन्सवाल्यांना लागते. तुझ्या मुलीचं ऑफिसात बघू आपण."

मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "साहेब, चौपाटीचं मॅडमना सांगितलंत का?"

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कपाकडे पाहायला लागले.

"सही करणार नाही," मी म्हटलं. कागदाची घडी केली आणि खिशात घातली. चहाला हात लावला नाही. आणि त्या दिवशी खाली सर्व्हिस लिफ्टनं उतरलो नाही, मोठ्या लिफ्टनं उतरलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. चौपाटीचंसुद्धा, कारण तेही तिच्यापासून लपवलं होतं. ती भाकरी थापायची थांबली. "म्हणजे तुमच्या हातची साखर त्याला चालली," म्हणाली, "आणि तुमच्या वक्ताला तुमचं तोंड हुंगलं. आता गप बसलात तर माझ्याशी बोलू नका."

गप बसलो नाही. गेल्या वर्षी साहेबांचं लायसन नवं करून घेतलं, तेव्हा फॉर्म एजंटकडे मीच नेला होता. त्यावर प्रश्न असतो, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का. साहेबांनी 'नाही'वर खूण केली होती. मी अर्ज लिहिला. त्याच आरटीओत, त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर. रविवार, जागा, गाडीचा नंबर, फॉर्मवरची खूण, सगळं. सोबत मी सही न केलेला त्यांचा तो कागद जोडला. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. ज्या आडनावामुळे ग्लास वेगळा होता, तेच.

लोक म्हणतात, जाऊ दे ना, तुझं काय परत येणारे का? म्हणतात, हा सूड झाला. हो, सूडच आहे. मला त्याला दुसरं गोंडस नाव द्यायचं नाही. साखर घसरलेल्या माणसानं गाडी चालवू नये, हा नियम मला मान्य आहे. मला लावला, मी मान खाली घालून घेतला. आता तोच नियम त्यांच्या मानेवर बसलेला मला डोळ्यांनी बघायचाय.

काल दुपारी फोन आला. आवाज मऊ होता.

"अरे, अर्ज मागे घे. माझी वरपर्यंत ओळख आहे. महिन्याभरात तुझं लायसन परत मिळवून देतो."

खोटं सांगत नाही, क्षणभर स्टिअरिंगचा स्पर्श हाताला जाणवला.

"ऐकतोयस ना? लायसनच हवंय ना तुला?"

"हो."

"मग झालं तर."

"माझं नाही, साहेब. तुमचं."

फोन मी ठेवला. आजवर नेहमी त्यांनीच ठेवला होता.

मंगळवारी सुनावणी आहे. त्यांना समोर बसवून विचारणार आहेत, आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असेन. ते घामाघूम होतील, कदाचित हातही कापतील. माझ्या खिशात खडीसाखर असेल. माझ्यापुरती.