मावशी मोठ्यानेच गायची

फिलूमावशी गेली त्याला आता पाच आठवडे होतील. बोरिवलीच्या शाळेत मी सातवीचा तास घेत होते, तेवढ्यात शिपाई सांगत आला, "बाई, अंधेरीहून फोन आहे." ऑफिसात जाऊन रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडे मावशीचा मुलगा व्हिक्टर. "लिली, आई गेली गो... सकाळी पेज प्यायली, खुर्चीत बसली आणि बसल्याजागीच गेली." खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "सकाळची स्तुती झाली होती तिची?" व्हिक्टर रडता रडता हसला. म्हणाला, "झाली होती. सगळ्या आळीनं ऐकली."

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. मी दहा वर्षांची असताना आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मला अंधेरीच्या गावठाणात मावशीकडे आणून ठेवलं आणि लग्न होईपर्यंत मी तिथेच राहिले. घरामागे तिचा भाजीचा मळा होता. मळ्याच्या पलीकडे पूर्वी भातशेती होती, ती जाऊन तिथे कारखान्यांच्या भिंती उठत होत्या. उजाडलं की मावशी मागचं दार उघडायची आणि हात जोडून, खड्या आवाजात, देवाची स्तुती गायला लागायची. आवाज मोठा, पण सूर... सुराचा आणि तिचा काही संबंध नव्हता. चाल एकीकडे, मावशी दुसरीकडे. गाणं संपलं की गद्यात आभार सुरू व्हायचे. मुळे कोवळे निघाले, देवा तू चांगला. नळाला पाणी लवकर आलं, देवा तू चांगला. पास्कूचा खोकला कमी हाय, देवा तू चांगला. पास्कू म्हणजे माझे काका, तिचे यजमान. ते आत कूस बदलत पुटपुटायचे, "फिलू, देवाला ऐकू येतं गो, जरा हळू." मावशी हळू कधीच झाली नाही.

तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की आळीतल्या बायकापोरं गावच्या क्रुसाजवळ जमायची. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची, मग ज्याचं त्याचं मागणं. तिथे मावशीचा कडक नियम होता. "आधी देवाला बरं म्हण, मंग काय ते माग." एकदा दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता म्हणून मी थेट मागायलाच सुरुवात केली, तर तिनं सगळ्यांसमोर थांबवलं. मला बरं म्हणण्यासारखं काही सुचेना. शेवटी म्हटलं, "देवा, दुपारी सुक्या बोंबलाची चटणी होती." बायका खो खो हसल्या. मावशी मात्र गंभीरपणे म्हणाली, "आमेन."

मी पंधरा वर्षांची असेन, तेव्हा आमच्या चर्चमधली लॅटिन मिसा, म्हणजे फादर वेदीपाशी करतात ती उपासना, मराठीत आली. गावठाणातल्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा मिसेत आपल्या भाषेत देवाची स्तुती करायला मिळणार होती. चर्चच्या संगीतमास्तरांनी नवं कॉयर, म्हणजे गायकवृंद, उभं केलं आणि मला त्यात घेतलं. वरच्या माडीवर पेटीपाशी उभं राहून मी गायला लागले. मला फार अभिमान वाटायचा. आणि पहिल्याच रविवारी खालून, पुढच्या बाकावरून, मावशीचा आवाज उठला. आमच्या सगळ्यांच्या वर. वरच्या पट्टीतल्या सोप्रानो मुली तोंडावर रुमाल धरून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिसा संपल्यावर मास्तर मला म्हणाले, "लिली, तुझ्या मावशीला सांग, जरा मनातल्या मनात म्हणा."

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर वर माझं म्हणून जोडलं, "लोक हसतात गं मावशी." ती भाजीच्या जुड्या बांधत होती. तिनं हातातली जुडी पुरी बांधली आणि म्हणाली, "बरं."

पुढच्या रविवारी ती पुढच्या बाकावर उभी होती, ओठ मिटून. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं होतं, आता किती छान गाता येईल. पण माडीवरून तिची पाठ दिसायची आणि माझा श्वास कमी पडायचा. तिसऱ्या रविवारी घरी येऊन मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं. "मावशी, रागावलीस?"

"नाय गो. पयल्यांदा वाईट वाटलं. मंग म्हटलं ऐकू तरी. चांगलं गाता तुमी." तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. "पण नुसती ऐकत उभी राहिले का मला वाटतं, मी दुसऱ्याच्या घरी जेवायला आले."

मी कितीही विनवलं तरी ती चर्चमध्ये गायली नाही. मळ्यात गायची, क्रुसाजवळ गायची. अशी दोनेक वर्षं गेली.

मग पास्कूकाका वारले. त्यांचा खोकला शेवटी छातीत उतरला होता. मिसा बुधवारी दुपारी होती. कॉयरमधले सगळे कामाधंद्यावर. माडीवर फक्त मास्तर आणि मी. मास्तरांनी पेटीवर सूर दिला, मला खूण केली. मी खाली शवपेटीकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा सूर दिला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. फादर वेदीपाशी थांबले होते. चर्चभर नुसती शांतता... आणि त्या शांततेत मावशीनं सुरुवात केली. काळी साडी नेसलेली, शवपेटीच्या शेजारी उभी. गाणं शोकाचं नव्हतंच, तिचं रोजचं सकाळचं स्तुतीचं होतं. चाल नेहमीसारखीच भरकटलेली. मास्तरांची बोटं पेटीवर तिचा सूर शोधायला लागली. या पट्टीत, त्या पट्टीत... कुठेच सापडेना. शेवटी त्यांनी भाता मिटला, जिना उतरून खाली गेले आणि तिच्या मागे उभं राहून तिच्या चालीत गायला लागले. मीही धावत खाली गेले. मग सगळं चर्च गायला लागलं, मावशी नेईल तिकडे.

संध्याकाळी मी विचारलं, "मावशी, आजच्या दिवशी स्तुती कशी गं सुचली?"

"त्याच्यासंगती सव्वीस वरसं काडली. ती कोणी दिली?" ती म्हणाली. "आज नाय बरं म्हणणार तर कदी म्हणू?" आणि मग पदर तोंडाला लावून ती मनसोक्त रडली.

रविवारी मास्तर स्वतः दारात आले. "फिलूबाय, माझं चुकलं. तुम्ही वर या, कॉयरमध्ये."

"नको मास्तर. तुमी वर, मी खालीच बरी. पण आता मला गप नका करू."

"नाही करणार," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर मावशी जाईपर्यंत, दहा-अकरा वर्षं, प्रत्येक रविवारी पुढच्या बाकावरून गात राहिली. आम्ही माडीवरचे कधी तिच्या पुढे, कधी मागे. कुणी हसलं तर तीही हसायची.

गेल्या आठवड्यात तिची महिन्याची मिसा झाली. त्या दिवशी मी तिच्या घरी मुक्काम केला. सकाळी व्हिक्टर आणि त्याची बायको अजून उठायची होती. मी स्वयंपाकघरात एकटीच चहा ठेवला, तांदूळ निवडायला घेतले. खिडकीतून ऊन आत आलं होतं, वाफ्यात ओली माती होती. केव्हा गायला लागले, मला कळलं नाही. कळलं तेव्हा लाजून थांबले.

कुंपणापलीकडे शेजारच्या म्हाताऱ्या बाई भांडी घासत होत्या. त्यांचे हातही थांबले.

"बंद कशाला केलंस गो?" त्यांनी ओरडून विचारलं. "म्हण की."

मी सूप बाजूला ठेवलं, मागचं दार उघडलं आणि पुढचं कडवं म्हटलं. मोठ्याने.