पेवातली ज्वारी

काल गव्हाच्या ड्रममध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला आणि त्या कडवट वासासरशी मौद्याकडचं आमचं शेत आठवलं. तिथे गोठ्यामागे जमिनीत धान्याचं खोल पेव होतं. आत्याने त्यात पाल्याचे थर देऊन ज्वारी भरली होती. पुढे पीक बुडालं, पेरायला घरात दाणा उरला नाही, म्हणून तिने पेव उघडायला घेतलं.

"काहून कष्ट करून राहिली वं बाई? सडली असन ज्वारी," काका तिला म्हणाले. शेजारीपाजारीही हसले.

आत हवा आहे का ते पाहायला आत्याने आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडला. तो विझला नाही, तशी ती पदर खोचून उतरली. मग तिचं धुळीने माखलेलं डोकं वर आलं. काकांसमोर तिने एक दाणा दाताखाली धरला. कडकन वाजला.

"ऐकलं का गा? आना पोते!"

मी लहान, नुसत्या टाळ्या पिटल्या. त्या पेवात पहिली मूठ उचलताना तिचं काळीज किती धडधडलं असेल, ते आज कळतं.

पेरणीनंतर शिवारात हिरवे कोंब दिसले, तेव्हा काकाच येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "आमच्या बाईची ज्वारी हाये हे!"