उलटी चाल आणि लाल गालिचा

दुबईतल्या एका हॉटेलच्या बँक्वेट विभागात मी एकवीस वर्षं आहे. लोकांची लग्नं, कंपन्यांच्या मेजवान्या, हातात पांढरे मोजे आणि एका वेळी चार ताटं. मला या कामाची लाज कधी वाटली नाही. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला वाटायची. आम्ही राहतो त्या अजमानच्या शाळेत ती "माय डॅड इज इन हॉटेल मॅनेजमेंट" एवढंच सांगते, हे तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. मी घरी अवाक्षर काढलं नाही, पण लागायचं ते लागलंच.

म्हणून यंदाच्या स्टाफ पार्टीला तिला न्यायचंच असं ठरवलं. उन्हाळ्यात धंदा मंदावला की एका दुपारी ही पार्टी होते. त्या दिवशी वेटर, आचारी, सफाईवाले टेबलांवर बसतात आणि मॅनेजर लोक ॲप्रन बांधून वाढतात. घरच्यांनाही बोलावणं असतं. आणि दरवर्षी शेवटी मी नाचतो, त्या जगप्रसिद्ध अमेरिकन गायकासारखा. काळी टोपी, एकाच हातात पांढरा मोजा, आणि पुढे चालतोय असं भासवत मागे सरकणारी ती चाल. बापाला एकदा तरी हातात ट्रे नसताना पोरीने बघावं, एवढंच मला हवं होतं.

ही चाल मी वसईत शिकलो. गावात एका लग्नघरी पाहुण्यांसाठी भाड्याने व्हिडिओ आणला होता, त्यात तो पहिल्यांदा दिसला. पुढचा महिनाभर आमच्या आळीतली सगळी पोरं ओटीवरच्या गुळगुळीत लादीवर मोजे घालून मागे-मागे चालत होती. चर्चला जायच्या मोज्यांना भोकं पडली म्हणून मी आईचा मार खाल्ला. हे वेड फक्त आमच्या गावाचं, असा माझा समज होता. दुबईत आलो तर जोडीला काम करणारा केनियाचा गडी म्हणाला, मी ही चाल अनवाणी शिकलो, सारवलेल्या जमिनीवर. नेपाळ्याची तीच कथा, फिलिपिनोची तीच.

तो गायक वारल्याची बातमी आली, त्या दिवशी भांडी घासायच्या जागेत कुणीतरी मोबाइलवर त्याचं गाणं लावलं होतं. पाच-सहा देशांची माणसं ताटं पुसत होती. केनियावाला म्हणाला, "तो आमचा होता." एका काळ्या माणसाने सगळं जग नाचवलं याचा त्याला अभिमान होता, आणि तो त्याचा हक्कच होता. मी मनात म्हटलं, बाबा रे, थोडा आमचापण.

तर यंदाची पार्टी. गाणं सुरू झालं, मी स्टेजवर चढलो, टाच उचलली, पाय मागे ओढला आणि पाय तिथेच. खाली लाल गालिचा. गालिच्यावर ही चाल जमत नाही, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तो गालिचा घातला कुणी? मीच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हॉलचा कागद भरायचा असतो, टेबलं किती, खुर्च्या किती, स्टेज कसं. यंदा मी कॅप्टन, म्हणजे वेटरांचा म्होरक्या, झाल्यामुळे तो कागद माझ्याकडे आला आणि सवयीने हात लिहून गेला: स्टेज, लाल गालिचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गाणं थांबलं. दोन मॅनेजर गालिचा ओढायला लागले, तर आमच्याच माणसांनी तो चारी बाजूंनी पक्का चिकटवलेला. "खलास, हबीबी, राहू दे, तसाच नाच," एकजण म्हणाला. मी लेकीकडे बघितलंच नाही. बघवेना.

मग मी केनियावाल्याकडे पाहून दोन बोटं वर केली. पाहुण्यांसमोर आम्ही हॉलमध्ये बोलत नाही, खुणांवर काम चालतं; दोन बोटं म्हणजे नाचाची लाकडी फरशी आणा. तो जेवता जेवता उठला. त्याच्यामागे आठजण उठले, कुणी सुटात, कुणी नव्या साडीत. गोदामातून ट्रॉली आली. लग्नातल्या नाचासाठी लाकडी चौकोन असतात, एकात एक अडकवायचे. मी दोन्ही हातांत मोजे चढवले आणि गुडघ्यावर बसलो. चार मिनिटांत स्टेजसमोर फरशी तयार. मॅनेजर पाण्याचे जग हातात धरून बघत उभे.

मग एक मोजा काढून मी नाचलो. खरं सांगायचं तर बेताचंच जमलं. सहाव्या पावलाला गुडघ्याने हात टेकले. टाळ्या पडल्या.

परतताना बसमध्ये लेकीला विचारलं, व्हिडिओ काढलास का? तिने फोन पुढे केला. त्यात ट्रॉली होती, माझी दोन बोटं होती, चौकोनाला चौकोन जोडत सरकणारे माझे पांढरे हात होते. फरशी पुरी झाली आणि व्हिडिओ संपला.

"आणि नाच गं?"

"एव्हरीबडी डझ दॅट डान्स, पप्पा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आय सेंट दिस वन टू माय क्लास."

मी खाली बघितलं. व्हिडिओखाली तिने इंग्रजीत लिहिलं होतं, हे माझे पप्पा, ते वेटर आहेत.

वेटर नाही, आता कॅप्टन आहे, हे तिला सांगणार होतो. पण मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि ते राहूनच गेलं.