भावाच्या नावाची सव्वा मूठ

कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्याकडे रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू काढतात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. मुलगा जन्मला की मूठ वाढते, माणूस गेला की त्याची बंद होते.

त्या वर्षी, नव्वदच्या आसपास, श्रावण लागता लागता धाकट्या भावाचं अमेरिकेहून पत्र आलं. मी ते पिंप्राळ्याच्या घराच्या फाटकातच बनियनवर उभा राहून वाचलं. त्याची मुलगी दोन महिने दवाखान्यात होती, ते आम्हाला आधीच कळलं होतं. तिथलं मराठी मंडळ गाडीने दोन तासांवर, ते भेटणार सणाला, तेही सोयीचा शनिवार बघून. शेजारची माणसं दर दोन-तीन वर्षांनी चर्च बदलतात, आपण शिंपी बदलावा तसं. पण त्यातल्याच एका चर्चच्या बायकांनी पाळ्या लावून रोज डबा पोचवला. "आता आम्ही रविवारी तिथेच जातो," त्याने लिहिलं होतं. "तेव्हा माझी मूठ काढू नका. फसवल्यासारखं वाटतं."

माझं डोकं फिरलं. मी देवळात जायचो ते मुलांच्या निकालाआधी आणि नवी स्कूटर घेतली की; पण त्या दिवशी अख्खा धर्म माझ्याच बनियनवर येऊन टेकला.

"अहो, गेल्या कानबाईला आरती चालू असताना तुम्ही मॅच बघत होतात," बायको म्हणाली.

त्याने तर मी आणखीच पेटलो. रजा टाकली, एसटी पकडली आणि चोपड्याला जाऊन आबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, कानावर सगळं घातलं.

शनिवारी आबा चारही मुलांना घेऊन आले. आई ओट्यावर बसून परातीत गहू काढत होती. ती भावाच्या नावाशी आली तसे आबा म्हणाले, "थांबा. तो गेला आपल्यातून. त्याची मूठ बंद."

आईचा हात गव्हातच राहिला. "आबा, पोरगा जित्ता शे. जित्ता मानूसनी मूठ मी बंद कशी करू?" मग ती माझ्याकडे वळली. "आन् तू रे? त्यानी पोर दवाखानामा व्हती, तव्हय कितला कागद धाडात?"

एकच पत्र धाडलं होतं. तेही कॅमेऱ्याबद्दल. भाव विचारून ठेव म्हणून.

पहिल्यांदा राग आईचा आला, चारचौघांत विचारलं म्हणून. मग कॅमेऱ्याचा आला. मग आबांचा, आणि तो सगळ्यात सोयीचा होता.

"आबा, मूठ निघणार."

"अरे, तूच चोपड्याला येऊन रडला ना?"

"तेव्हा मी मूर्ख होतो."

"आणि आता?"

"आताही आहे. आई, तू काढ."

आईने मूठ काढली. काठोकाठ, आणि वर पाव. आबा उठले. आपल्या आणि आपल्या चारही मुलांच्या मुठींचे गहू त्यांनी परातीतून मोजून उपरण्यात बांधून घेतले. आमच्यात याचा अर्थ एकच होतो, कानबाई वेगळी केली. भाऊ तिकडे चर्चमध्ये गेला आणि भाऊबंदकी फुटली ती पिंप्राळ्यात, माझ्या ओट्यावर.

सोमवारी कानबाई मेहरूणच्या तळ्यावर विसर्जनाला न्यायची. दरवर्षी तीस माणसं असायची, त्या दिवशी नऊच होतो. "चोपड्याची मंडळी दिसत नाहीत?" शेजाऱ्यांनी विचारलं. "बस चुकली," मी म्हणालो.

घरी आलो तो धुमसतच आणि पत्र लिहायला बसलो. 'तुझी मूठ काढली,' एवढं लिहिलं. आबांचं लिहिलं नाही. मग मुलगी कशी आहे, म्हणून विचारलं. हे आत्ता विचारतोय, इतक्या महिन्यांनी, याची अशी चीड आली की पेन दाबून दाबून कागद फाटला. दुसरा घेतला.