सहा पौंड हवा

मिलिंद माझी चहाची गाळणी परत न करताच गेला. त्याच्या पहिल्या स्मृतिदिनी मी याचा जाहीर निषेध नोंदवतो.

गाळणी स्टीलची होती. बारीक जाळीची. आमच्या लग्नात आलेली.

ती त्याने आपल्या गाडीच्या टर्बोच्या तोंडाला क्लॅम्पने आवळून टाकली. धूळ अडवायला. माझ्या बायकोने पुढे कित्येक दिवस फडक्यातून चहा गाळला.

"पंडित, तुया गाळणीतून आता हवा गाळून राहिलो. प्रमोशन झालं तिचं."

मी पंडित, कारण मी संस्कृत शिकलो. आणि संस्कृत शिकून वार्ताहर झालो, नालीसफाईच्या बातम्या पाठवू लागलो, याचं त्याला तीस वर्षं हसू येत होतं.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: मिलिंद खुर्सीपारचा. स्टील प्लांटच्या ब्लोअर हाउसमध्ये आयुष्य काढलं. भट्टीला हवा द्यायची, नेमक्या दाबाने. बस, एवढंच काम. आणि त्याचा केवढा अभिमान.

रिटायर झाल्यावर त्याला कोहक्यात एका डॉक्टरांच्या पेरूखाली जुनी जपानी गाडी सापडली. ताडपत्रीखाली झोपलेली.

रोटरी इंजिन. पिस्टनचं वर-खाली नाही. पोटात दोन फुगीर त्रिकोण गोल फिरतात आणि त्यांच्या टोकांना पातळ पट्ट्या असतात, सील. गाडीचा सगळा जीव त्या सीलमध्ये.

ही गाडी आपला श्वास आपणच ओढणारी. मिलिंदला ते बघवेना.

"मी भट्टीले जिंदगीभर हवा देल्ली, अन् हे बिचारी सोताच ओढून राहिली!"

म्हणून टर्बो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो, आणि तोच पंखा आत जादा हवा ढकलतो.

मी म्हणालो, "म्हणजे रेचकाच्या बळावर पूरक. प्राणायामच की."

"तू बोलत राह्य. पहिले तो पाना दे."

जादा हवेचा धोका एकच. दाब फार वाढला की आतलं पेट्रोल अवेळी भडकतं आणि सील तडकतो. मिलिंदने महिनोन् महिने वही भरली. उत्तर आलं, सहा पौंड दाब. सहापर्यंत सील टिकणार, वर नाही.

वरची हवा सोडून देणारी झडप होती, पण जुनी. कधीमधी अडकायची. म्हणून दाबाचा काटा पाहायला माणूस हवा.

ब्लोअर हाउसची एक रीत होती. काट्यावर बसलेला आकडा बोलतो, दुसरा तोच आकडा परत म्हणतो, आणि काम पुढे जातं. काट्यावरच्या माणसाचं कोणी तपासत नाही. तपासायचंच नसतं.

त्याने काटा माझ्या गुडघ्यापाशी बसवला.

"मी रोडाकडे पाहतो, तू काट्याकडे पाह्य. सहा झाले का बोंबल. एवढंच काम हाय तुले."

हिवाळ्याची सकाळ. नंदिनीच्या चुनखाणीचा रस्ता, रिकामा. खाणीची पांढरी भुकटी झाडांवर, धुकं त्याच रंगाचं. कुठे पान संपतं, कुठे धुकं सुरू होतं, कळत नव्हतं.

त्याने पाय दाबला.

आधी नुसती गुणगुण. मग कुठून तरी लांबून शीळ आली, बारीक, चढत जाणारी. गाडी रस्त्यावर आहे असं वाटेचना. झाडं दुधात बुडवल्यासारखी बाजूने वाहत होती. एका तळ्यावरून बगळे उठले, पांढऱ्यात पांढरे, आणि काही क्षण आमच्याबरोबर उडाले. की आम्ही त्यांच्याबरोबर.

मिलिंद हसत होता. आवाज न करता. रिटायर झाल्यानंतर मी त्याला असं पाहिलं नव्हतं.

मग टक्.

शीळ तुटली. इंजिन फडफडलं. गाडी कडेला लागली.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती होते?"

मी म्हणालो, "सहा."

"सहा," तो म्हणाला.

परत कधी विचारलं नाही.

पुढे त्याने इंजिन उघडलं, नवे सील टाकले. पण गाडी कोहक्याच्या पुढे नेली नाही. वहीवर लाल रेघ मारली. प्लांटमधली जुनी पोरं काही विचारायला आली की म्हणायचा, "मले नको विचारू बा. माहं सहावरच फुटलं."

ज्याला मोठमोठे साहेब हवेचं विचारत, तो माणूस.

आणि मग एक दिवस जेवून उठला आणि गेला.

काल प्रज्ञाचा फोन आला. त्याची लेक. आयटीआयमध्ये शिकवते, हात बापाचाच.

"काका, इस संडे मैं टर्बो निकाल रही हूँ. गाडी पहिलेसारखी करून टाकते. बाबाचं गणितच चुकलं होतं ना? तुमी तर होते सोबत."

मी "हं" म्हणालो.

फोनवर मी परत "हं"च म्हणेन, हे मला माहीत आहे. म्हणून इथे ग्रुपवर लिहितो, चारचौघांत.

प्रज्ञा, मी काट्याकडे पाहत नव्हतो. बगळ्यांकडे पाहत होतो.

टक् झाल्यावर पाहिलं तेव्हा काटा नवावरून खाली येत होता. झडप अडकली होती. मी बोंबलायला हवं होतं.

तुझ्या बाबांचं गणित बरोबर होतं. सहा म्हणजे सहाच.

टर्बो काढायचा तर काढ. पण ते चुकले म्हणून काढू नकोस. आणि वहीवरची ती लाल रेघ माझ्या नावाने समज.

मिलिंद, हे तुला वर्षापूर्वी सांगायला हवं होतं. तू असताना. तुझ्या अंगणात बसून. नाही सांगितलं. माफ कर, दोस्ता. सुखाने जा.

खरं सांगू, मला आता एकाच गोष्टीची भीती वाटते. हे वाचून प्रज्ञा काहीच बोलणार नाही. ब्लू टिक येईल, आणि फोन यायचा कायमचा बंद होईल.