आज मी कोनाची?

सकाळी पावणेआठला मेट्रनच्या दारात उभ्या राहून विमल सिस्टर रोज एकच प्रश्न विचारायच्या, "आज मी कोनाची?" मेट्रन मान वर न करता सांगायच्या, "आयसीयू," किंवा "डायलिसिस," किंवा "कॅज्युअल्टी." पिशवी खांद्याला लावून विमल सिस्टर त्या दिशेला चालू लागायच्या. उल्हासनगरच्या आमच्या हॉस्पिटलात त्या फ्लोट नर्स होत्या. ज्या वॉर्डात माणूस कमी, तिथं त्यांची ड्यूटी. अशी वीसेक वर्षं त्यांनी काढली.

फ्लोटला लॉकर नसतो. डबा, कात्री, चिकटपट्टी, जादाची चप्पल, सगळं त्या पिशवीत. पिशवी जीन्सच्या उरलेल्या तुकड्यांची होती, उल्हासनगरच्याच कॅम्प तीनमधल्या एका जीन्स शिवणाऱ्या कारागिराने बरा होऊन घरी गेल्यावर शिवून आणून दिलेली. पॅन्ट्रीत त्या जेवायला बसत आणि वॉर्डातली कोणी आली की घास तोंडात असतानाच उठत. मला चीड यायची. "बसा ना सिस्टर, तुमचाच वॉर्ड आहे," मी म्हणायचे. "आजच्यापुरता गो," त्या म्हणायच्या.

मी आयसीयूत नवी होते तेव्हाची गोष्ट. ड्यूटी बदलताना मी त्यांना एका सिंधी कापडवाल्या काकांची माहिती देत होते. बीपी चांगलं, ऑक्सिजन चांगला, सगळं मी नीट लिहून ठेवलेलं. विमल सिस्टर माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी चादर वर केली आणि काकांचे दोन्ही पाय हातात धरले. मग हात गुडघ्यापर्यंत नेला.

"गार हायेत. डॉक्टरांना बोलव."

काकांचा मुलगा घाबरला. "सिस्टर, मॉनिटर तो ठीक दिखा रहा है ना?"

"मॉनिटरको पैर नहीं होते, भैया," त्या म्हणाल्या.

तासाभरात काकांचं बीपी घसरलं. पण तोवर डॉक्टर उशाशी होते, औषधं सुरू झाली होती. काका वाचले. मी बाहेर येऊन रडले, तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. "आदी पाय धरायचं. कागद कुठं पलून जात नाय." वांगणीजवळच्या त्यांच्या गावची ही बोली, दमल्या की ती जास्त ऐकू यायची. आम्ही मुली हसायचो, पण त्या दिवसापासून मी एकाही पेशंटचा कागद पाय धरल्याशिवाय वाचलेला नाही.

पुढे मी आयसीयूची इन-चार्ज झाले. महिन्याची ड्यूटीची यादी माझ्या हातात आली. यादीत आधी वॉर्डाच्या नर्सेसची नावं, मग एक रेघ, आणि रेघेखाली फ्लोट. रिटायरमेंटला सहा महिने उरले असताना विमल सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. "मना रेघेच्या वर घे ना गो. येका जागी बसून बगू दे. गुडघं दुखतान."

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात नक्की."

मी ते केलं नाही. त्यांना वर घ्यायचं तर माझ्या वॉर्डातल्या एका मुलीला फ्लोटला द्यावं लागलं असतं, आणि एकही जायला तयार नव्हती. मुलींशी भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. शिवाय विमल सिस्टर फ्लोटमध्ये असल्या की कुणीही रजेवर गेलं तरी मला काळजी नसायची. असे सहा पुढचे महिने गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आमच्याकडे निरोप वॉर्ड देतो. केक, शाल, फोटो, सगळं ज्याच्या त्याच्या वॉर्डाचं. विमल सिस्टरांची शेवटची ड्यूटी कॅज्युअल्टीत होती, म्हणून मी समजले कॅज्युअल्टी करील. कॅज्युअल्टीला वाटलं, आयसीयू. तिसऱ्या दिवशी डायलिसिसची इन-चार्ज मला लिफ्टमध्ये म्हणाली, "आम्हाला बोलावलं पण नाहीत. केक कुठला आणला होता?"

केक कुणीच आणला नव्हता. दोन वाजता पेशंट सोपवून, पिशवी घेऊन त्या शेअर रिक्षात बसून निघून गेल्या होत्या.

लिफ्टमधल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून, शाल घेऊन मी बदलापूरला शिरगावात त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, हसल्या, म्हणाल्या, "बस, पानी आनते." माफी कशी मागायची ते मी रिक्षात ठरवून ठेवलं होतं. सलग आठवा दिवस होता माझा ड्यूटीचा. दिवाणावर टेकले आणि त्या पाणी घेऊन येईपर्यंत माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. माझे बूट काढलेले होते आणि विमल सिस्टर पायथ्याशी बसून होत्या, माझे पाय हातात धरून.

"सिस्टर, यादी मीच करत होते," मी म्हटलं. एवढंच जमलं.

"ठाव हाय मना." त्यांनी पाय सोडले नाहीत. "तुज्या जागी मी असते, तर मी पन मना सोडलं नसतं. पन येकदा लिवायचं व्हतंस गो, माजं नाव. येक महिना."

मी उठू लागले.

"पाय गार पडलेत तुजं," त्या म्हणाल्या. चादर नीट खोचली आणि चहा टाकायला उठल्या.